भिंतीवरची काच

एम्बोरियोस, निसिरोस
१२ जून १९९७

प्रिय थेमेलीनाताई,

तुझं पत्र शनिवारी हाती आलं. भाऊजींचा गुडघा आता बरा आहे आणि अनेझिनाच्या लग्नाची तारीख चोवीस ऑगस्ट पक्की झाली, हे वाचून जीव हलका झाला. ऑगस्टचा उपास आणि मरियामातेचा सण उरकल्यावरची तारीख धरलीत ते बरं केलंत, नाहीतर आपल्या पाद्रीबुवांनी नाक मुरडलं असतं. मी ठीक आहे. शेळीही ठीक आहे, तिचा स्वभाव मात्र दिवसेंदिवस माझ्यासारखा होत चाललाय. गेल्या वर्षीचे बदाम पोतंभर शिल्लक आहेत, त्यामुळे लग्नात वाटायचं बदामाचं सरबत घरचंच होईल. न्यूयॉर्कहून बाटल्या आणायचा खुळेपणा करू नकोस.

जमीन हलते म्हणून तिकडच्या पेपरात आलंय ते खरं का, असं तू विचारलंस. हलते. पण इथे ती कधी हलत नव्हती? म्हातारा पॉलिवोटिस कूस बदलतोय, एवढंच. देवाने कोस बेटाचा तुकडा उपटून त्याच्या अंगावर फेकला, तेव्हापासून तो राक्षस आपल्या बेटाखाली पडलाय. त्याची पाठ अवघडत नसेल का? कॉफीच्या दुकानात पैजा लागतात, आजचा धक्का कॉफी सांडवणारा की नुसती हिंदकळवणारा. पुरुषांना दुसरं काम नाही.

पुढच्या खिडकीतून ज्वालामुखीचं विवर नेहमीसारखंच पिवळं दिसतं. कोसहून बोटीने आलेले पर्यटक त्यात उतरतात, नाकाला रुमाल लावतात, फोटो काढतात आणि जेवायच्या वेळेला परत जातात. तळाचा चिखल यंदा जास्त उकळतोय असं शेजारच्या एव्दोकिया मावशींचं म्हणणं आहे, पण त्यांना यंदा सगळंच जास्त वाटतं. मागच्या खिडकीतून समुद्र आणि पलीकडे याली बेटाचा पांढरा डोंगर. दगड खणून खणून त्याचा निम्मा डोंगर बोटींत गेला.

अथेन्सहून एक इंजिनियर आलेत, व्लास्तोस नावाचे. घरोघर जाऊन भिंतींच्या चिरांवर काचेची बारीक पट्टी आडवी चिकटवतात आणि तिच्यावर तारीख लिहितात. चीर वाढली तर काच तुटते, म्हणजे घर हलतंय असं समजायचं. आपल्याकडेही एक लावली, निजायच्या ओट्याच्या वरच्या भिंतीवर. चीर केसाएवढी आहे, तू मनाला लावून घेऊ नकोस. मालक कोण म्हणून त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.

आजीनंतर आई, आईनंतर तू, आता अनेझिना. मोठ्या मुलीचं घर मोठ्या मुलीला. गावात सगळे म्हणतात, थेमेलीना अमेरिकेला गेली पण तिने रीत मोडली नाही. खरंच मोडली नाहीस. अनेझिनाची लग्नाची गादी त्याच ओट्यावर पडेल, आईची पडली होती तशी. जुलैत मी सगळ्या घराला चुना देईन.

आता उठते, शेळी ओरडतेय. तिला धक्का आपल्याआधी कळतो.

घर सांभाळणारी तुझी,
सेवास्ती

*

एम्बोरियोस
६ जुलै १९९७

प्रिय ताई,

हे पत्र सकाळपासून चौथ्यांदा लिहायला घेतेय. दोन ओळी होतात न होतात तोच उठावंसं वाटतं. एकदा दूध उतू गेलं, एकदा अंगणात कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं, एकदा नुसतीच ओट्याच्या खोलीत जाऊन आले. उन्हाचं असेल.

बातमी चांगली आहे. व्लास्तोससाहेब परवा पुन्हा तपासायला आले होते. आपली काच शाबूत निघाली. त्यांनी बोट फिरवून पाहिलं, वहीत लिहिलं आणि म्हणाले, "बाई, या घरात बिनधास्त लग्न करा." त्यांना सरबत दिलं. माणूस सज्जन आहे, बोलताना नजर खाली ठेवतो.

एव्दोकिया मावशींची आणि आपली भिंत एकच, ते तुला आठवत असेल. त्यांच्या बाजूची काच दोनदा तुटली होती, म्हणून त्यांना पंधरा दिवस चर्चच्या आवारात तंबूत ठेवलं होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तंबू. लघवीला जायचं तर अख्ख्या गावासमोरून. आता साहेब म्हणाले, भिंत एकच, इकडची काच धड आहे, म्हणजे तिकडची मावशींच्या झाडूने तुटली असणार. मावशी घरी परतल्या. आल्या आल्या त्यांनी मला मिठी मारली आणि गालाचे मुके घेतले. मला ते फार जड गेलं.

चुना दिला. घर इतकं पांढरं झालंय की दुपारी डोळे दुखतात. एक वाईट झालं, तुझ्या लग्नाच्या फोटोची काच फुटली. फोटो धड आहे, फ्रेम उघडी आहे, इतकंच. तू आलीस की नवी बसवू.

आणखी एक मनात आलं. खाली मांद्राकीत समुद्राकाठी आता छान हॉटेलं झालीत. अमेरिकेत वाढलेल्या मुलीला आपला ओटा टोचेल, न्हाणीघर अंगणाच्या टोकाला, वर पाहुण्यांची गर्दी. नवरा-नवरीने खाली राहावं आणि घर फक्त बघायला यावं, असं नाही का जमणार? रीत म्हणजे काय, एका रात्रीचा प्रश्न. तू हसशील. मी रीत मोडायला सांगतेय. पण विचार कर, आणि लवकर कळव.

धक्के आहेत, थोडे. आजी सांगायची, तिच्या लहानपणी विवर उडालं तेव्हा आठ दिवस आधी अंजिरं झाडावर कोमट लागत होती. मी रोज एक अंजीर खाऊन बघते. थंड आहेत.

तुझी,
सेवास्ती

*

मांद्राकी, शाळेची इमारत
२४ जुलै १९९७

ताई,

हे पत्र रजिस्टर करून पाठवतेय. तुझं विमान पंधरा ऑगस्टचं आहे, त्याआधी ते तुझ्या हातात पडलंच पाहिजे. शेवटपर्यंत वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

ओट्यावरच्या भिंतीची काच वीस जूनला तुटली. दुपारी मी भांडी घासत होते, घर एकदाच दणकलं आणि आत गेले तर पट्टी मधोमध दोन तुकडे. चिरेत माझं नख जात होतं. मी दार लावून घेतलं. तुझ्या लग्नाचा फोटो उतरवला, बाबांच्या पेटीतल्या काच कापायच्या हिऱ्याने त्याच्या काचेची पट्टी कापली, जुनी खरवडून तिथे ही चिकटवली आणि वर इंजिनियरच्या हातची जुनी तारीख लिहिली. त्यांचा दोनाचा आकडा शेपटीला वळतो. तसाच वळवला. नंतर चुन्याचा एक हात असा दिला की कडा दिसू नयेत. पांढरं घर बघून तपासायला आलेला माणूस निम्मा फसतोच, हे मला ठाऊक होतं. लग्नाचं घर आहे, चुना दिलेला असणारच, त्यात कुणाला काय वावगं वाटणार?

मी मनाशी म्हटलं, अनेझिनाच्या लग्नासाठी करतेय. ते खोटं होतं. घर धोक्याचं ठरलं असतं तर मला बाहेर काढलं असतं, आणि त्या घराबाहेर मी कोण? धाकटी बहीण, चौपन्न वर्षांची, नावावर एक शेळी. शाबूत ठरलं तर तुम्ही येणार, आठ दिवस नाचणार, पोरगी नवऱ्याबरोबर परत जाणार, आणि चावी अठ्ठावीस वर्षं आहे तिथेच, माझ्या एप्रनच्या खिशात राहणार. मला तेवढंच हवं होतं. तुझी लेक त्या भिंतीखाली निजेल याचा विचार मी केला नाही असं म्हणता येणार नाही. रोज केला. मग तुला हॉटेलाचं लिहिलं. खरं लिहायचं धाडस झालं नाही, म्हणून ओटा टोचेल असं लिहिलं.

मी स्वतः मात्र तिथेच निजत होते. पडली तर पडो, असं वाटायचं. पडली तर निदान शेवटी ते माझं घर होईल.

सोमवारी सकाळी एव्दोकिया मावशींच्या घराची कमान गेली. आपल्या भिंतीला टेकलेली कमान. दगड थेट परातीवर आले, जिथे मावशी दर सोमवारी कणीक मळत उभ्या असतात. त्या सोमवारी त्या अंगणात मीठ मागायला आल्या होत्या, माझ्याकडे. आम्ही दोघी धुळीत उभ्या राहिलो. धूळ बसल्यावर मावशी स्वतःच्या घरात न जाता सरळ आपल्या ओट्याच्या खोलीत गेल्या, चष्मा लावला आणि भिंतीजवळ तोंड नेलं.

"भिंत एक, माझी काच दोनदा तुटली आणि तुझी एकदाही नाही," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, सेवास्ती पुण्यवान असेल. पण ही काच जाड आहे गं. साहेबांची पातळ होती."

मी सांगून टाकलं. सगळं, उभ्या उभ्या. मला वाटलं त्या मला मारतील, आणि मला ते चाललं असतं. त्या ओट्याच्या कडेला बसल्या.

"मी गेले असते तर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात लोक म्हणाले असते, वय झालं होतं बिचारीचं," त्या म्हणाल्या. "पण इथे नवरी निजायची होती. तुझ्या आईचं नाव आहे ना त्या पोरीला?"

मी हो म्हटलं.

"मग उठ. अकराची बस आहे."

मावशी माझ्याबरोबर खाली मांद्राकीला साहेबांकडे आल्या. बसमध्ये त्यांनी माझा हात धरला नाही, पण माझ्या शेजारी बसल्या. व्लास्तोससाहेबांनी मान खाली घालून ऐकलं आणि फक्त एवढंच विचारलं की आणखी किती घरांत असं झालंय. मला माहीत नाही, मी म्हटलं, मी माझ्यापुरतं सांगू शकते. त्यांनी ती वही बाजूला सारली आणि कोरी काढली. आता ते गावातली प्रत्येक काच पुन्हा लावताहेत आणि लोक माझ्याकडे बघून बोलायचं थांबतात. पैजा लावणाऱ्या सिडेरिसने परवा कॉफीच्या दुकानात मला ऐकू जाईल असं म्हटलं की सेवास्तीला तपासनीस नेमा, तिच्या हाताखाली एकही घर पडायचं नाही. सगळे हसले. हसण्यासारखं होतंच.

आपल्या आणि मावशींच्या दारावर आता लाल फुली आहे. दोन्ही घरं उतरवणार, कारण ती रस्त्यावर पडली तर खालचंही घर घेऊन जातील. सामान काढायला मला दोन दिवस दिले. गाद्या, आईचा माग, सणावारी वापरायच्या थाळ्या आणि तुझा फोटो मांद्राकीला आणलाय. इथे शाळेच्या एका वर्गात मावशी आणि मी राहतो. फळ्यावर अजून कुणाचीतरी बेरीज आहे. मावशी घोरतात, आणि मला त्यांच्यावर चिडता येत नाही.

आता जे मी सव्वीस वर्षं लिहिलं नाही ते लिहिते.

एकाहत्तर साली लेफ्तेरिस मला मागायला आला होता. यालीवर खाणीत होता तो, केसांत कायम पांढरी पूड. त्याच्या आईने आपल्या बाबांना एकच प्रश्न विचारला, मुलीचं घर कोणतं? बाबा म्हणाले, घर थेमेलीनाचं. ती बाई कॉफी संपवून उठली. आपल्याकडे नवरी घर घेऊन येते, तिचंही काही चुकलं नाही. मी तुला लिहिलं. आठवतं का तुला? चार पानं होती. मी लिहिलं होतं की तू तिथे आहेस, तुझं तिथे घर आहे, हे मला दे, निदान कागदावर दे. तुझं उत्तर दीड महिन्याने आलं. त्यात तिकडचं बर्फ होतं, नवा फ्रीज होता, अनेझिनाला दात आल्याचं होतं. माझ्या त्या चार पानांबद्दल एक अक्षर नव्हतं. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. मग लेफ्तेरिसने निकिया गावातल्या एका मुलीशी लग्न केलं, जिच्याकडे घर होतं.

मला तुझा राग आला, ताई. तेव्हा आला आणि आजपर्यंत गेला नाही. मी तुझ्या भिंतींना चुना दिला, तुझं टाकं पावसाच्या पाण्यासाठी दरवर्षी घासलं, तुझ्या अंजिरांचे हार वाळवून तुला बोटीने धाडले, आणि प्रत्येक कामात तो राग होता. तू ते हार खाल्लेस आणि गोड लागले म्हणून लिहिलंस. आणि तरी तू येणार म्हटल्यावर मी दर रविवारी बंदराकडे बघत होते, हेही तितकंच खरं आहे.

लग्नाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. इथे करायचं असेल तर मांद्राकीत होईल, चर्च धड आहे, सरबत मी करीन, नाच कुठेही करता येतो. नाहीतर तिकडेच करा. पण आलात तर कुणीही, अनेझिनासुद्धा, वर बघायलाही जाणार नाही. ते मी दारात आडवी पडून थांबवीन.

फोन करू नकोस. शाळेत फोन आहे, पण तुझा आवाज ऐकला की मी सगळं ठीक आहे म्हणून मोकळी होईन. लिही. आणि लिहिताना या वेळी फक्त एकाच गोष्टीचं उत्तर दे. एकाहत्तर साली माझं पत्र वाचलंस तेव्हा, एक दिवस का होईना, ते घर मला द्यावंसं तुला वाटलं होतं का? हो असेल तर हो लिही, नसेल तर नाही लिही. घर आता उरणारच नाही. त्यामुळे खरं सांगण्यात तुझं काहीच जाणार नाही.

उत्तराची वाट बघणारी तुझी धाकटी बहीण,
सेवास्ती