छातीवरचं नाव

धाकट्या पाळकबुवांना थोरल्या ताईचा सलाम.

होय रे, इथल्या शहरातल्या चर्चची मंडळी मोठीच आहे. खुर्च्या गुबगुबीत, गाणी पडद्यावर. आपल्या मंडळीनं हा नमुना घ्यावा का, म्हणतोस. मग ऐक. इथं दारातच आपलं नाव लिहून छातीवर चिकटवायचं असतं. मी बायबलातल्या त्या दुष्ट राणीचं लिहिलं, ईजबेल. पाळक हात धरून म्हणाले, "ईजबेलबाई, तुमच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो." मेंढपाळ मेंढरांना नावानं ओळखतो, चिठ्ठी वाचून नाही, एवढं गावच्या शाळेत शिकलेल्या मलाही कळतं.

पडदा हवा तर लाव, पण घरोघर जाणं सोडू नकोस. भावजयीचा गुडघा कसा आहे?

तुला कळवलं नव्हतं, मी महिनाभर तापानं अंथरुणात होते. मंडळीतलं कुणीही आलं नाही.

तुझी ताई