भिंगरीसाठी बसवलेला राखणदार

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाई सगळा प्रवास झोपून होत्या, त्यामुळे कधी नव्हे ते मला गप्प बसावं लागलं. ती सगळी कसर आता या पत्रात निघणार, तयार राहा. फोन करून उपयोग नसतो हे आपल्याला कळून चुकलंय. तिकडे तुझं धारेचं चाक घरघरतं, इकडे दातांच्या प्रयोगशाळेत माझं कवळ्या घासायचं यंत्र, आणि दोघंही काय, काय करत बसतो. शिवाय तुझं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मधे एक लाकडी फळी. तू फोनवर जे बोलशील ते भिंगरीला अभ्यास करता करता पाठ होतं.

तिच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप केला. चौदा वर्षांची पोर, हातात शाळेने दिलेला संगणक, आणि बाप दिवसभर सुऱ्या-कात्र्यांत डोकं घालून बसलेला. म्हणून घरच्या इंटरनेटवर तो राखणदार बसवून आले. नको त्या साइट आता तुमच्या घरात उघडणार नाहीत. काही कामाचं अडलं तर मला कळव, मी इथून मोकळं करीन. पासवर्ड माझ्याकडेच ठेवलाय, फुगून बसू नकोस. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. तुला सांगितला असता तर संध्याकाळपर्यंत तो दुकानाच्या दारावर खडूने लिहिलेला असता, गिऱ्हाइकांच्या नावांशेजारी.

वेळेवर जेवत जा. भिंगरीला आत्याचा गोड पापा. एवढी कटकट केली तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी
ताई

दि. १५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुझा राखणदार कामाला लागलाय, आणि उत्साह असा की मला माझ्याच दुकानातून हाकलायचं तेवढं बाकी ठेवलंय. परवा धारेचे दगड मागवायचे होते. नेहमीच्या व्यापाऱ्याची साइट उघडली, तर पडद्यावर हा मोठा लाल हात आणि खाली लिहिलेलं, वर्ग: शस्त्रे. अगं, कांदे चिरायच्या सुऱ्या म्हणजे शस्त्रे? शेजारचा शिंपी नेमका कात्री घेऊन आला होता. त्याने ते वाचलं आणि तेव्हापासून मला दरोडेखोर म्हणून हाक मारतो.

भिंगरीचीही तीच गत. शाळेतला शरीराचा धडा होता, त्याची चित्रं अडवली. आणि त्याच दिवशी ती केकची कृती बघत होती, तर बाजूला पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात नाचत होती. तिला मात्र साहेबांनी सलाम ठोकून आत सोडलं! शेवटी भिंगरीनेच ती बंद केली. पण उगाच नावं ठेवत नाही. मागच्या आठवड्यात तिचं बोट चुकून भलत्याच ठिकाणी पडलं आणि लाल हात पुढे आला. खालचं कारण वाचूनच माझे कान गरम झाले. त्या दिवशी मनातल्या मनात तुला नमस्कार केला.

तेव्हा दगडांचं तेवढं मोकळं कर. जमलं तर पासवर्डच कळव, म्हणजे दर वेळी तुला त्रास नको. दुसरं काही कारण नाही, दुकानाचीच कामं असतात, आणखी काय असणार.

मी केस बारीक केले आणि एक निळा शर्ट घेतला. सहजच. भिंगरी म्हणाली बरा दिसतोस.

कवळ्या सांभाळून घास. लोभ आहे, तो पासवर्डाच्या रूपाने दिसावा.

तुझा
धाकटा

दि. २ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

दगड मोकळे केले, एव्हाना मिळाले असतील. पासवर्ड मिळणार नाही. आता मुख्य गोष्ट लिहिते, नीट बसून वाच.

गेल्या आठवड्यात मी एका आजोबांची खालची कवळी मेणात बसवत होते, दोन्ही हात भरलेले, आणि फोनवर राखणदाराचा निरोप आला. लाल हाताखाली एक बटण असतं, परवानगी मागा म्हणून. ते तुझ्या घरातून कुणीतरी दाबलं होतं. साइट कुठली ते तो सांगत नाही, नुसता वर्ग सांगतो. वर्ग काय असेल? प्रेम आणि जोडीदार! आजोबांचे पुढचे दोन दात माझ्या हातून वाकडे बसले. संध्याकाळी पुन्हा तोच निरोप, दुसऱ्या दिवशी आणखी एकदा. मी प्रत्येक वेळी नकाराचं बटण दाबलं.

अरे, चौदा वर्षांची आहे ती! जोडीदार कसला शोधतेय? पलीकडे कोण बसलंय याचा काही नेम असतो का? कोवळा मुलगा म्हणून गोड बोलणारा पन्नाशीचा बाप्या निघतो. माझा तर जीव थाऱ्यावर नाही. तिची आई गेल्यापासून तू पोरीला एका शब्दाने दुखवलेलं नाहीस, आणि आत्ताही दुखवणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. म्हणून वाईटपणा मीच घेते. सोबत तिच्यासाठी बंद पाकीट आहे. ते तिच्या हातात दे आणि संगणक तूर्त तुझ्याजवळ ठेव.

लगेच उलट लिही. लोभ आहे म्हणूनच जीव तुटतो.

तुझी
ताई

दि. ९ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं चार पानी पत्र वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडू आलं, दुसऱ्यांदा राग आला. तू लिहिलंयस की मी सगळ्यांच्या तोंडाला काळं फासायला निघालेय. आत्या, मी सध्या बीजगणितात नापास होऊ नये म्हणून धडपडतेय. कुणाच्या तोंडाला काळं फासायला मला वेळ कुठाय?

ती परवानगी मी मागितली नाही. अगदी शपथेवर सांगते. कुणी मागितली ते मला माहीत आहे, पण त्याने ते मला आपणहून सांगितलेलं नाही, म्हणून मी तुला सांगणार नाही. आमच्या घरात माणसं दोनच आहेत, एवढंच लिहिते. आणि एवढंही लिहिते की गेल्या महिन्यात मला एकाचा फोटो काढावा लागला, दुकानाच्या परवान्यासाठी म्हणे. परवान्याच्या फोटोला कोण निळा शर्ट घालून खिडकीशी बसतं आणि हसू का, की नको हसू, असं शंभरदा विचारतं?

राखणदारावर माझा राग नाही. मैत्रिणीकडे एकदा आमच्यासमोर नको ते उघडलं होतं, ते किती दिवस डोळ्यांपुढून हलत नव्हतं. घरी तसं होणार नाही हे मला बरं वाटतं. पण तो माझे प्रश्नही अडवतो ना! शरीराबद्दल एक गोष्ट हवी होती, अडवली. बाबाला विचारायला गेले, तर तो कानापर्यंत लाल झाला आणि आधीच धार असलेल्या सुरीला पुन्हा धार लावत बसला. शेवटी शाळेतल्या नर्सबाईंनी समजावलं. पुढच्या वेळी तुला लिहिलं तर चालेल का? अर्थात तुझा माझ्यावर विश्वास उरला असेल तर.

आणखी एक. हे बाबाला कळवू नकोस. मला भीती वाटतेय. उद्या घरात कुणी आलं तर आमच्या इवल्याशा जागेत मी कुठे मावणार, असं सारखं मनात येतं. बाबाने आनंदात राहावं असं तर मला वाटतं, आणि तरी असं वाटतं. मी वाईट आहे का?

रुसले आहे, तरी तुझा लोभ हवाच आहे.

तुझी निरपराध
भिंगरी

दि. १० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तो बाप्या मी. पन्नाशीला अजून अवकाश आहे, पण तेवढी सूट मी मागत नाही.

साइट वाईट नाही ग. जोडीदार गमावलेल्या मोठ्या माणसांच्या ओळखी करून देतात. शिंप्याच्या मेहुणीचं तिथे जमलं, त्यानेच मला सांगितली. आता माझी अक्कल ऐक. ते परवानगीचं बटण तुझ्याकडे जातं हे मला कुठे माहीत? मला वाटलं त्या साइटवाल्यांनाच विचारायचं असतं, आत येऊ का म्हणून. मी सभ्यपणे विचारलं. नाही म्हणाले. वाटलं दुकान चालवणारा माणूस नको असेल. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही नकार आला तेव्हा चाक बंद करून नुसताच बसून राहिलो. म्हटलं, झालं, आपला नंबर गेला. मग तुझं पत्र आलं आणि कळलं की तो नकार माझ्या सख्ख्या बहिणीचा होता.

तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. लेखणी उचलवली नाही. त्याहून वाईट म्हणजे तुझं बंद पाकीट मी भिंगरीच्या हातात ठेवलं. आत काय असणार ते माहीत असून ठेवलं. इतका मी भेकड. तिने वाचलं, भांडी घासली, तुला पत्र लिहून पेटीत टाकून आली आणि फळीपलीकडे पुस्तक उघडून बसली. थोड्या वेळाने नाक ओढल्याचा आवाज आला. मग मात्र मला राहवेना. आत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. माझ्यामुळे तुला बोल लागले असं म्हणालो, आणि ताई, मलाच रडू फुटलं.

ती म्हणाली, मला माहीत होतं, तू कधी सांगतोस याची वाट बघत होते. मग तिने विचारलं की कुणी आलं तर ती कुठे मावणार. मी म्हटलं, तुला नको असेल तर आजपासून हा विषय बंद. ती म्हणाली बंद नको, पण मला विचारत जा.

तेव्हा तू मला हवं ते बोल, तिला एक अक्षर बोलू नकोस. लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा
धाकटा

दि. १६ मार्च

चि. भिंगरीस आणि तिच्या बावळट बापास,
अनेक आशीर्वाद.

दोघांची पत्रं एकाच टपालाने आली. हसून हसून पोट दुखलं आणि नंतर फार वाईट वाटलं. भिंगरी, माझं चुकलं. राखणदाराने नुसता वर्ग सांगितला होता, माणूस मी ठरवला, आणि तुला एका शब्दाने न विचारता ठरवला. ती चार पानं मी मागे घेते. बाबाच्या नावावर कर, त्याला शोभतील. तू वाईट नाहीस ग बाई. असं मनात येणारच, आणि आलं की असंच बोलून टाकायचं. प्रश्न मला लिही, कसलाही लिही. मी लाल होत नाही, दिवसभर लोकांचे जबडे हातात घेऊन बसते.

धाकट्या, साइट मोकळी केली आहे. आणि तीनदा नाही म्हणणारी मी होते, जगातली दुसरी कुठलीही बाई नव्हती, हे डोक्यात पक्कं बसव. पासवर्ड वेगळ्या पाकिटात भिंगरीच्या नावाने पाठवते. तुला अजूनही मिळणार नाही.

दोघांवर लोभ आहे, भिंगरीवर कणभर जास्त.

तुमची
ताई आणि आत्या

दि. १२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बरेच दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील. सांगण्यासारखं काही घडू दे म्हणून थांबलो होतो, आता घडलंय.

त्या साइटवर स्वतःची माहिती भरावी लागते. भिंगरी टाइप करायला बसली, मी शेजारी स्टुलावर. स्वतःबद्दल लिहा असं होतं. मी सांगायला लागलो, की मुलगी हुशार आहे, चित्रं छान काढते, बीजगणितात काठावर का होईना पण पास झाली. तिने हात थांबवला आणि म्हणाली, बाबा, ही माझी जाहिरात नाही. शेवटी तिनेच लिहिलं, की सुऱ्यांना धार लावतो, स्वभावाला नाही, विनोद कळायला वेळ लागतो पण कळला की खूप हसतो. लिहून झाल्यावर कितीतरी वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती.

आठवडाभरात एक निरोप आला. बाई रोपवाटिकेत कामाला आहेत. त्यांनी आधी हेच विचारलं की फांद्या छाटायच्या कात्रीला धार लावून मिळेल का. काल भेटलो, वाचनालयाशेजारी चहाच्या दुकानात. निघण्याआधी भिंगरीने मला उभं करून नियम सांगितले. माणसांच्या वर्दळीतच बसायचं, घरचा पत्ता लगेच द्यायचा नाही, फोन चालू ठेवायचा आणि आठच्या आत घरी. हे सगळं तिने तुझ्या त्या चार पानांतून उतरवून घेतलंय, हे मला मागाहून कळलं. पालकांचं नियंत्रण म्हणतात ते आमच्या घरात झकास चालतंय, फक्त माणूस बदललाय.

बाई मोकळ्या आहेत, मोठ्याने बोलतात. पुढे काय होईल ते आत्ताच कसं सांगू? पण बरं वाटलं ताई, फार बरं वाटलं. आठला थोडं कमी असताना परतलो, तर भिंगरी दुकानाच्या पायरीवर बसलेली. मी वाटेत सगळी उत्तरं जमवत आलो होतो. त्या कोण, कशा आहेत, घरी येणार का, आपण तिघं कसे मावणार. तिने त्यातलं काही विचारलं नाही. फक्त विचारलं, बाबा, तू हसलास का? मी म्हटलं, हो, इतका की चहा नाकात गेला. मग उठली, फ्रॉक झटकला आणि म्हणाली, मग पुढच्या वेळी नऊपर्यंत चालेल.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे, आणि त्यातला थोडा बाजूला काढून ठेव, कदाचित लागेल.

तुझा
धाकटा