अडकित्ता माझ्या हाती

लातूर, गुरुवार, दिवेलागणीची वेळ

आज स्टेरॉइडची गोळी कायमची सुटली. डॉक्टरांनी बोटांचा एकेक सांधा दाबून पाहिला, रक्ताचा अहवाल वाचला आणि म्हणाले, "आता ती पुन्हा सुरू करण्याची गरज नाही. संधिवाताची बाकी औषधे मात्र चालू ठेवा." मी "आभारी आहे" एवढेच म्हणालो. खरे तर टेबलावर मूठ आपटावीशी वाटत होती. मूठ आता वळते!

डॉक्टरांनी मात्रा उतरवायला घेतली, तेव्हा माझी पत्नी सुमती आपल्या सुपारीच्या अडकित्त्याने गोळीचे दोन तुकडे करून देई. माझ्या बोटांना तो दाबवत नसे. "गोळी सुटली की माझी सुपारी तुम्हीच कातरायची बघा," असे तिने बजावले होते. त्याआधी तीच गेली. मग तो अडकित्ता मी हाती घेतला. पहिलाच तुकडा उडून कपाटाखाली गेला. मात्रा पुन्हा वाढवून अख्खीच गोळी मागावी काय, असेही मनात आले. मागितली नाही.

आज सायंकाळी रेणापूरहून तिची धाकटी बहीण विमल आली. तिच्यासमोर अख्खी सुपारी कातरली. दुखले का? किंचित.

विमलने खांड तोंडात टाकले. "लई जाड कातरलीय हो, दाजी! अक्कानं फेकून दिली असती."

"नाही. नावे ठेवत सगळी खाल्ली असती."

उरलेली सुपारी सुमतीच्या तसबिरीपुढे ठेवली आहे. जाड आहे. पण माझ्या हातची आहे.