अर्धी नाल

होर्नी पासेकी, शुमावा
बुधवार, १७ ऑक्टोबर १९५१

प्रिय रुझेनाताई,

मी बरा आहे, खोकला माझ्याहून बरा आहे, आणि तूही धडधाकट असशील असं धरून लिहायला बसतोय. बुटांसोबतच्या कार्डावर ‘डावा बूट चावला तर आतला तळवा उचलून बघ’ असं लिहिलं होतं. तू हे वाचते आहेस, म्हणजे तुला ते समजलं. कार्ड वाटेत चार जण वाचतात. बुटात हात घालायची कुणाला अजून बुद्धी झालेली नाही.

दुकानाचं दार उघडं ठेवूनच लिहितोय. भरदुपारी दार लावलं तर लगेच कुणीतरी विचारायला येईल. कागद मांडीवर, त्यावर चामड्याचा तुकडा, हातात रापी. कुणी आलं की चामडं कापायला लागतो. आत्तापर्यंत एक चांगला तुकडा उगाच वाया घालवला.

इकडची खबर म्हणजे धुकं. बटाटे काढून झाले. अळंबी यंदा खूप आली. दोन पिशव्या वाळवून ठेवल्यात. वरच्या आळीतली घरं पाडायला घेतलीत, शाळेचं छप्पर गेल्या आठवड्यात उतरवलं. युद्धानंतर जर्मनांना हाकललं तेव्हा निम्मं गाव गेलं होतं, उरलेलं आता सरहद्दीच्या तारेच्या फार जवळ आहे म्हणून जातंय. मी पाच वर्षांपूर्वी इथं दुकान घेतलं तेव्हा एकशे दहा जोडी पाय होते. परवा मोजले, एकतीस. त्यातले निम्मे चौकीवरच्या शिपायांचे.

शेजारच्या आरागिरणीतल्या रूपर्ट वाइसला धरून नेलं. गावात उरलेला एकटा जर्मन. गिरणीचं यंत्र त्याच्याशिवाय कुणाला चालवता येत नाही म्हणून त्याला ठेवलं होतं. आज बारा दिवस झाले.

द्राहोमीराबद्दल तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी ‘मजेत आहे, परवाना वाढलाय, अळंबी वेचते’ असा तोंडी निरोप धाडला. ताई, ते खोटं होतं. तुझी मुलगी माझ्याकडे नाही. तीन तारखेपासून नाही. सरहद्दीवर राहायचा तिचा आठ दिवसांचा परवाना त्या दिवशी संपत होता आणि ती सकाळच्या बसने पिसेकला गेली, असं मी चौकीवर सांगितलं. बसमध्ये ती नव्हती.

आता खाली बस आणि सगळं वाच.

कुंपणालगत आता जमिनीचा एक पट्टा नांगरून ठेवतात. रोज दाताळं फिरवून तो गुळगुळीत करतात, म्हणजे कुणी पाय ठेवला की उमटावा. दलदलीच्या बाजूला तार अजून पोहोचलेली नाही, तिथं नुसता पट्टा आहे. तीन तारखेला उजाडताना त्यावर पावलं सापडली. पलीकडून, जर्मन मुलखातून, अलीकडे आलेली. कुत्र्यांनी माग काढला, ओढ्यापाशी येऊन घुटमळली, आणि ओढा गिरणीला लागून वाहतो. पलीकडून हेर आला आणि गावात कुठेतरी लपला, असं ठरलं. घराघरांत शोध झाला. माझ्या पलंगाखाली एक शिपाई शिंकत शिंकत शिरला आणि माझा हरवलेला चष्मा घेऊन बाहेर आला.

त्याच दुपारी सार्जंट कौकल आला. हा माणूस कधी आवाज चढवत नाही, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“काय मिस्त्री, भाचीबाई गेल्या?”

“गेली की. सकाळच्या बसनं.”

“जाताना टाटा तरी करायचा आम्हाला. बरं, हे बघा. तुमच्या धंद्यातलं आहे.”

कागद सोडला तर आत प्लास्टरमध्ये काढलेला पावलाचा ठसा. डावा बूट. टाचेच्या आतल्या अंगाला अर्धी नाल, तीन खिळे.

ताई, झाडावरून पडल्यापासून द्राहोमीरा डावी टाच आतल्या बाजूनं झिजवते, तुला ठाऊकच आहे. सहा वर्षांची असल्यापासून तिच्या प्रत्येक बुटाला ती अर्धी नाल मी ठोकत आलोय. माझं हस्ताक्षर मी एकवेळ ओळखणार नाही, पण तो ठसा ओळखला.

आणखीही एक गोष्ट दिसली, जी त्या शहरातून आलेल्या पोरगेल्या शिपायांना दिसली नाही. माणूस चालतो तेव्हा टाचेची मागची कड आधी रुतते. या ठशात चवडा खोल होता आणि टाच नुसती टेकलेली. ते पाऊल आत आलेलं नव्हतं. उलटं चालत बाहेर गेलेलं होतं.

हे तिला शिकवलं कुणी? मीच. जेवताना फुशारकी मारत होतो, बूट पाहून माणूस कसा ओळखतो ते सांगत. म्हणालो, उलटं चालून चौकीवाल्यांना फसवता येईल, मला नाही.

“मग तुला कसं कळेल रे मामा?” तिनं विचारलं.

मी सूपचा चमचा हातात धरून टेबलावर बोटांनी चालून दाखवलं. तिनं दोनदा करून दाखवायला लावलं. दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या मोकळ्या वाफ्यात तिची पावलं दिसली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सगळी उलटी. मी तिला काही विचारलं नाही. दाताळं आणलं आणि वाफा सारखा केला. तेव्हा मला कळलं नव्हतं असं आत्तापर्यंत स्वतःला सांगत होतो. कळलं नसतं तर दाताळं कशाला आणलं असतं?

ती पोहोचली का, मला माहीत नाही. गोळी ऐकू आली नाही, एवढंच सांगू शकतो.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. कौकलनं विचारलं, “कुणाचं काम हे?” नुसतं ‘माहीत नाही’ म्हटलं असतं तर भागलं असतं. पण भीतीनं माणूस जास्त बोलतो. बूट पलीकडचा वाटावा, माझ्यापर्यंत कुणी पोहोचू नये, म्हणून मी म्हणालो, “आपल्याकडचं नाही. जर्मन हात वाटतो.” त्यानं ते वहीत लिहून घेतलं, माझे आभार मानले. दोन दिवसांनी वाइसला नेलं. पलीकडून आलेल्याला त्यानं गिरणीत आसरा दिला म्हणे. ते माझं एक वाक्य, ताई. बाकी त्याच्याविरुद्ध काहीही नाही.

ठसा कौकल माझ्याकडेच ठेवून गेला. “असू दे इथं, आणखी काही आठवलं तर सांगा.” तो फळीवर, बूट बेतायच्या लाकडी कलबुतांच्या रांगेत बसलाय. मी त्यावर फडकं टाकलं. मग वाटलं झाकलेला जास्त नजरेत येतो, म्हणून काढलं. दिवसातून चारदा हेच चाललंय.

वाइसला नेलं तेव्हा त्याच्या पायात घरातल्या सपाता होत्या. काल त्याची बायको हेडविका त्याचे कामाचे बूट घेऊन आली.

“टाचा बदला या बुटांच्या. सुटून येईल तेव्हा सपातांत नको चालत यायला, आता थंडी पडेल,” ती म्हणाली. “आणि मिस्त्री, तुम्ही एवढे पाय ओळखता. त्यांना सांगा ना, आमच्याकडे कुणी आलं नव्हतं म्हणून.”

मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आरीला मेण लावत बसलो.

बारा दिवस मी पळवाटा शोधल्या. ठसा कुठल्या दिशेचा तेवढंच सांगावं, बूट कुणाचा ते सांगू नये? कौकल पुढचा प्रश्न विचारेलच, आणि माझं तोंड तू ओळखतेस. खिडकीखालच्या फळीवर तिचे जुने जोडे आहेत, त्यांनाही तीच अर्धी नाल. ते जाळावेत तर चामड्याचा वास गावभर जातो. कुठेच वाट नाही.

तेव्हा सोमवारी सकाळी दहाला मी वाइसचे बूट घेऊन चौकीवर जाणार आहे. ठसा टेबलावर ठेवीन आणि पाऊल बाहेर गेलंय हे समजावून देईन, बूट मी बनवलाय हेही सांगीन. मग ते तुझ्याकडे येतील. तुला न विचारता मी हे करतोय, कारण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी आनंदानं ऐकलं असतं. तुझी नोकरी जाईल, कदाचित घरही. मला माफ कर असं म्हणवत नाही. तुला काही माहीत नव्हतं असंच सांग. आजपर्यंत ते खरं होतं. हा कागद चुलीत घाल, कार्ड मात्र राहू दे, विचारायला आले तर दाखवायला.

उद्याच्या टपालगाडीनं बूट निघतील, शनिवारी तुला मिळतील. मुद्दाम आधी पाठवतोय. एकदा हे तुझ्या हातात पडलं की मला मागे फिरता येणार नाही.

आठवतं, पिसेकला शाळेच्या वाटेवर मळेवाल्याचे पाळलेले हंस अंगावर यायचे? तू पुढे व्हायचीस आणि म्हणायचीस, “माझा परकर धर आणि खाली बघ.” मी अख्खं लहानपण तुझ्या टाचा बघत चाललो. त्यामुळेच बहुतेक चांभार झालो.

तुझ्या बुटांना दुहेरी तळ लावलाय, आत लोकर घातलीय. कुठंही चालायला लावलं तरी दोन हिवाळे निघतील.

या वेळी पुढे मी आहे. खाली बघ आणि ये.

तुझा भित्रा भाऊ,
ओटाकार