सहा महिन्यांसाठी पिक्सेल

१३ फेब्रुवारी २००५, रविवार

सलिलने पिल्लू आणून ठेवलं. विचारलं नाही — ठेवलं! खोक्यात त्याचाच जुना टॉवेल आणि त्यावर हे. सात आठवड्यांचं, बदामी रंगाचं. लॅब्रॅडोर म्हणे. पंधरा दिवसांपूर्वी त्याने आणि सुरुचीने हौसेने लोणी काळभोरच्या कुठल्याशा फार्महाउसवरून बाणेरच्या फ्लॅटवर आणलं, आणि परवा कंपनीचं पत्र आलं. न्यू जर्सी. शनिवारचं विमान. मुलगा-सून दोघंही.

"सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे, आई. तुम्हालाही सोबत होईल."

म्हणजे आम्हाला सोबत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

नाव पिक्सेल. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा अगदी बारीक ठिपका असतो, त्याला म्हणतात. हे खुर्चीतूनच म्हणाले, "एक ठिपका आत्ताच सतरंजीवर पडलाय." तेवढं बोलून पेपर पुन्हा तोंडासमोर. रिटायर झाल्यापासून तीन वर्षं हेच. खुर्ची, पेपर, टीव्ही. सतरंजी कोण धुणार, हा प्रश्न त्या पेपरात येत नाही.

१९ फेब्रुवारी, शनिवार

गेली दोघं. टॅक्सी दुपारी दोनला आली. आमच्या पाया पडून झालं, मग सलिल पिल्लाला घेऊन दहा मिनिटं गॅलरीत उभा होता. सुरुची रडली — त्याच्या कानाशी तोंड नेऊन.

फ्रिजवर एक छापील कागद लावून गेलाय. 'पिक्सेलचं वेळापत्रक'. अकरा कलमं. ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ सलिलला आजही सांगता येणार नाही.

२१ फेब्रुवारी

सकाळपासून पाच वेळा पातळ शी. फरशी पुसून कंबरेचा काटा ढिला झाला. ते पुठ्ठ्याच्या डब्यातलं कोरडं खाणं तोंडात धरेना, म्हणून दूध-पोळी घातली होती. चांगलं वाटीभर दूध प्यायलं. आणि वर हे!

२२ फेब्रुवारी

रिक्षाने सदाशिव पेठेत गेले. डॉ. पोंक्षे, जनावरांचे डॉक्टर. पिशवीतून पिल्लू काढून टेबलावर ठेवलं, तर त्यांनी आधी माझ्याकडेच पाहिलं. मी काय घातलं ते सांगितलं. म्हणाले, "दूध बंद. हे वासरू नाही." ते कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून द्यायचं, दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी. लसीचा एकच डोस झालाय. उरलेले पुरे होईपर्यंत रस्त्यावर न्यायचं नाही, दुसऱ्या कुत्र्यांत नाही. शी-शू गॅलरीत पेपरवर. जमेल तर उकडलेलं अंडं.

अंडं! या घरात लग्न होऊन आले त्याला चौतीस वर्षं झाली. सलिल बाहेर काय खातो ते मी विचारत नाही. पण घरात अंडं आलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

अंडी आणली. वर्तमानपत्रात गुंडाळून, चोरासारखी. स्टोव्ह गॅलरीत, पातेलं वेगळं. हे बघत होते. बोलले असते तर बरं झालं असतं.

१ मार्च

हाताला अकरा ओरखडे. सुईसारखे दात आहेत. पदर, पायाचे अंगठे, ह्यांच्या चपलेचा अंगठा — सगळं तोंडात. काल वर्तमानपत्राची गुंडाळी करून दिली एक, तर खेळ समजून दुप्पट चावलं.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, मारू नका. चावलं की हात काढून घ्या, पाठ फिरवा, गप्प उभ्या राहा. लक्ष दिलं नाही की ते आपोआप थांबतं.

थांबतं खरं. आमच्या घरात ही विद्या पूर्वीपासून आहे. मी तीन वर्षांपूर्वीच थांबले.

३ मार्च

मी मंडईत गेले की रडतं. दुसऱ्या मजल्यावरचे रंगनाथराव जिन्यात भेटले. "वहिनी, मुलगा अमेरिकेला गेला, आवाज तेवढा इथे ठेवून गेला का?"

यावरही उपाय आहे म्हणे. आधी पाच मिनिटं बाहेर जायचं, मग दहा, मग अर्धा तास. जाताना निरोप घ्यायचा नाही, आल्यावर कौतुक करायचं नाही. मग जाणंयेणं त्याच्या अंगवळणी पडतं, त्रास होत नाही.

हे सलिलला कुणी शिकवलं होतं?

६ मार्च

गॅलरीतला वास सहन होईना. रोजचे आठ पेपर उचलायचे. जीव नकोसा झाला. म्हटलं, दोन मिनिटं खाली नेऊन आणू, कोण बघतंय. तीन जिने उतरले, गुडघा धरून. कोपऱ्यावरच्या कचरापेटीपाशी त्याने हुंगलं, बसला, उरकलं. किती सोपं झालं! उद्यापासून असंच.

१२ मार्च, शनिवार

ओकतंय. सकाळी पिवळं, दुपारी फेस. खात नाही. मला वाटलं चपलेचा तुकडा गिळला असेल. संध्याकाळी शीमधून रक्त आलं.

पोंक्षे म्हणाले, पार्वो. आतड्याचा रोग, रस्त्यावरच्या घाणीतून येतो. दुसरा डोस व्हायच्या आत बाहेर नेलं होतं का?

मी नाही म्हटलं.

१३ मार्च

दिवसभर दवाखान्यात. सलाइन. पुढचा पाय हलू नये म्हणून मी धरून बसले होते. पाय कसला, माझ्या करंगळीएवढा. डोळे उघडून माझ्याकडे बघायचा आणि मिटायचा. डॉक्टरांना सांगितलं, मी खोटं बोलले, मीच नेलं होतं. ते म्हणाले, "माहीत आहे. पाय नीट धरा."

१४ मार्च

सलिलचा दिवसातून दोनदा फोन. इंटरनेटवर बघून मला औषधांची नावं विचारतो. गेल्या वर्षी माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला बाणेरहून यायला त्याला सुट्टी मिळाली नव्हती. मी काही म्हटलं नाही. आत्ताही नाही. इथे लिहिते आहे फक्त.

१५ मार्च

हे दवाखान्यात आले! चालत. हातात माझा डबा. बाकावर शेजारी बसले, तासभर. उठताना त्याच्या कपाळाला एक बोट लावलं.

१७ मार्च

चमचाभर भाताची पेज पोटात राहिली.

१९ मार्च

घरी आणला. हाडं लागतात हाताला. डॉक्टर म्हणाले दहातली दोन-तीन वाचतात. सलिलला कळवलं. "ग्रेट, आई! पंधरा दिवस त्याला ताण देऊ नका." बरं.

८ एप्रिल

सगळे डोस झाले. रेबीजचं इंजेक्शनही. मोठ्याने ओरडला आणि मग पोंक्ष्यांचाच हात चाटला. अक्कल नाही.

१७ मे

दुधाचे दात पडतायत, दाढा शिवशिवतात. टेलिफोनची वायर चावून टाकली. कधी, ते कळलंच नाही. आज रंगनाथरावांनी सांगितलं, तुमचा फोन नुसताच वाजत राहतो. आमच्याकडे तर वाजलाच नव्हता. तक्रार नोंदवून आले. चघळायला गाजर द्यायचं, थंडगार. तेही शिकले.

२४ मे

फोन सुरू. म्हणजे नऊ-दहा दिवस तरी बंद होता. सलिलच्या फोनचे दोन रविवार गेले त्यात. सलिलला मीच बूथवरून फोन करणार होते, पण म्हटलं बघू. आज त्याला सांगितलं, आमचा फोन बंद होता.

"हो का? मला कळलंच नाही गं, प्रोजेक्टचं रिलीज होतं."

पिक्यावर — पिक्सेल तोंडात बसत नाही — ओरडले उगीच. त्याने वायर तोडली नसती तर मलाही कळलं नसतं.

१० जून

गुडघ्यामुळे मला जिने होत नाहीत. हे म्हणाले, "मी नेतो." पंचवीस मिनिटं लागली. काय झालं म्हणून मी गॅलरीत उभी. तर हे शनिवारवाड्याच्या अंगाने हळूहळू येतायत, पुढे तो, आणि हे त्याच्याशी बोलतायत!

२ जुलै

आता रोज सकाळ-संध्याकाळ. ह्यांचा रक्तदाब उतरलाय, आमच्या डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. पेपर दुपारपर्यंत घडीचा असतो. येताना बातम्या आणतात — पटांगणावर कोण भेटलं, पिक्याने कुणाचं भेळेचं पुडकं पळवलं. मला सांगतात. म्हणजे त्याच्याकडे बघून सांगतात, पण मला ऐकू येईल असं.

१४ ऑगस्ट, रविवार

सहा महिने झाले. सलिल म्हणाला प्रोजेक्ट वाढलंय, वर्ष तरी. कधी येणार, ते मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. पिक्याचं वजन विचारलं. तेवीस किलो.

२१ ऑगस्ट

पावसाने गोचीड झालेत. कानात, बोटांच्या बेचक्यांत. चिमट्याने एकेक धरून उपटायचे, डोकं आत राहता कामा नये, आणि मिठाच्या पाण्यात टाकायचे. हे त्याला धरून बसले, मी चिमटा चालवला. दोन तास. चाळीस तरी काढले. मधेच हे म्हणाले,

"रिटायर झालो तेव्हा वाटलं, आता मरायचंच काम उरलं. तुला सांगायला हवं होतं मी."

मी चिमटा थांबवला नाही. थांबवला असता तर गप्प झाले असते. मग म्हणाले, "हा गेला तर मला नाही जमायचं गं."

गं. किती वर्षांनी.

२ नोव्हेंबर

दिवाळीला फोन आला. बरं चाललंय. फटाक्यांना पिक्या पलंगाखाली, आणि हे त्याच्याशेजारी फरशीवर सतरंजी टाकून बसलेले.

९ नोव्हेंबर, बुधवार

सलिलचा फोन, आडवारी. घर घेतलंय तिकडे. मागे अंगण आहे, कुंपण आहे. ऐकून घेतलं. मग म्हणाला, डिसेंबरच्या अठरा तारखेला दोघं येतोय, आठ दिवसांसाठी, त्यातले चार सुरुचीच्या माहेरी कोल्हापूरला. आणि पिक्सेलला घेऊन जाणार.

"रेबीजचं सर्टिफिकेट शोधून ठेव, आई. विमानाचा पिंजरा मी आणतो. तुम्ही खूप केलंत, आता सुटका तुमची."

मी म्हटलं, हे रमलेत रे त्याच्यात. तर म्हणाला, बाबांना दुसरं घेऊन देऊ की एखादं.

१० नोव्हेंबर

ह्यांना सांगितलं. "त्याचाच आहे," म्हणाले. पट्टा घेऊन खाली गेले. दीड तासाने आले. जेवले नाहीत.

१२ नोव्हेंबर

पेपर पुन्हा तोंडासमोर. कालचाच पेपर होता.

१३ नोव्हेंबर, रविवार

आज ह्यांना पिक्याला घेऊन खाली जाऊ दिलं, दार लावलं, आणि सलिलला फोन केला. सांगितलं — पिक्या गेला.

कसा, विचारत होता. सगळं सांगितलं. सकाळी पिवळं ओकला, मग फेस, संध्याकाळी रक्त. दवाखाना, सलाइन, मी पाय धरून बसले होते. शब्द न् शब्द खरा, फक्त मार्चमधला. शेवट तेवढा बदलला. लस घेऊनही कसं झालं म्हणाला. मी म्हटलं, नाही माहीत रे. बाबांनी नदीकाठी पुरला म्हटलं.

सलिल रडला. आठ वर्षांचा असताना सायकलवरून पडला होता, त्यानंतर मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. "तू एकटीने केलंस सगळं, आई," म्हणाला. मला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. इतक्यात जिन्यात ह्यांची पावलं आणि त्याची नखं वाजली. मी फोन ठेवला.

ह्यांना सांगितलं मी काय केलं ते. पट्टा हातातच होता. "आई आहेस तू सलिलची," एवढंच म्हणाले. पण पट्टा खुंटीला लावला, आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "वाढ." मी ठरवलंय, डिसेंबरमध्ये सलिल आला की सांगायचं त्याला समोर बसवून. शिव्या देईल, देऊ दे. समोर बसून देईल.

२० नोव्हेंबर, रविवार

सलिलचा फोन. डिसेंबरची दोन्ही तिकिटं रद्द केली म्हणाला. "त्याच्यासाठीच काढली होती ना, आई. आता येण्याचं तसं काही कारण उरलं नाही."

मी बरं म्हटलं.