मामा नसलेला पाहुणा

मुरबाड,
फेब्रुवारी २००४

प्रिय जना,

तू म्हणशील, मी वाशिंदला येऊन आठ वर्षं झाली, हिला आजच बरी आठवण झाली! चार दिवस पेपरातलं एक कात्रण उशाशी घेऊन बसलेय, पकडलेल्या एका खुन्याचा फोटो आहे त्यात. आमचे हे म्हणतात, त्या मेल्याचं तोंड बघून पोट भरणार आहे का? पण माझी चौकशीची खोड तुला ठाऊक आहे. लग्नाळू बायका हेरायच्या, दागिने घालून बोलवायचं आणि मारायचं. पाच नावांनी हे करणारा माणूस दिसतो तरी कसा? तलाठ्यासारखा दिसतो गं. डावी भुवई तेवढी तुटलेली.

ती भुवई मी ओळखते. शहाण्णव साली हा गंगाधर म्हणून शहापूरला मला बघायला आला होता. बाकीचे विचारायचे, भाकरी येते का. यानं विचारलं, तुला काय आवडतं? खोटं कशाला बोलू, मी विरघळलेच. मग बाबांनी रीतीप्रमाणे मामाचं गाव विचारलं. आपल्याकडे कुठलाही पाहुणा असो, मामाच्या गावावरून ओळख निघतेच. याला मामाच नव्हता. बाबा म्हणाले, "मामा नाय, तर लग्नात पाठीशी कोन उभा राहील? आमी पोर नाय देत." मी दोन दिवस जेवले नाही.

त्याच महिन्यात तुझी हौसाताई चिठ्ठी ठेवून खर्डीहून गाडीत बसली. लग्न करतेय, शोधू नका. तेहेतिसाव्या वर्षी बिजवरांपुढे बसून ती दमली होती. तुझी आई, काशीकाकू, अजून दिवाळीला तिची साडी बाजूला ठेवतात ना?

पेपरात पाच बायकांची नावं आहेत. सहावीचं नाव त्याला आठवत नाही म्हणे. खर्डीला गाडीत बसली होती, एवढंच सांगतो. त्याला कसं आठवत नाही, याचंच मला राहून राहून नवल वाटतं.

सोमवारी मी पोलिसांना तिचं नाव सांगणार आहे. ते विचारतील, दोघांची ओळख कुणी करून दिली. ते तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. आमचा नकार गेल्यावर तुमच्या घराचा पत्ता मीच त्याला दिला. तुझे वडील वारले होते, तिथे मामाचं गाव विचारणारं कुणी नाही, हेही मीच सांगितलं. तुम्ही शोधत होता तेव्हा गप्प बसले. वाटलं, ताई सुखात असेल. हेवाही वाटला.

तुझीच, अजून म्हणू देशील तर,
नम्रता