उलट लावलेली कांडी

प्रिय वटवट्या,

हे नाव लहानपणी तुला मीच ठेवलं आणि अलीकडे ते तुला अजिबात शोभत नाही. फोन केला की 'हो दादा', 'बरं दादा', 'तू म्हणशील तसं'. परवा मी मुद्दाम म्हणालो की तुझ्यापेक्षा चहा मीच चांगला करतो, तर तू त्यालाही हो म्हणालास! फोन ठेवला आणि मला गलबलून आलं. भांडणारा भाऊ गेला कुठे माझा? म्हणून आज दुकान लवकर बंद केलं आणि कापड बेततो त्याच टेबलावर कागद घेऊन बसलोय. फोनवर तू बोलू देत नाहीस, लगेच आभार मानायला लागतोस.

आधी तुझ्या युकाच्या झाडाची बातमी. तू तो दुकानाच्या कोपऱ्यात आणून ठेवलास तेव्हा कमरेएवढा होता. गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत पानं जातील असं मी म्हणालो, तर गिऱ्हाइकं येतात कुठे, असं म्हणून तू मोकळा झालास. तर तो बेटा छताला टेकला. पानं वरून दुमडायला लागली, तेव्हा तुझी वहिनी म्हणाली, कापा आता. मी जन्मभर लोकांची महागामोलाची कापडं कापली, कधी दोनदा विचार केला नाही. पण करवत घेऊन त्या खोडासमोर उभा राहिलो आणि दरदरून घाम फुटला. तुझं झाड, मेलं तर तुला काय तोंड दाखवू? वहिनी म्हणाली, स्वतः ऑपरेशनच्या टेबलावर आडवे झालात तेव्हासुद्धा एवढे घाबरला नव्हतात. तिला काय माहीत!

कापला एकदाचा. पानांचा शेंडा वेगळा केला, मधल्या खोडाच्या वीत-वीतभर दोन कांड्या काढल्या, बुंधा कुंडीत तसाच राहू दिला. कांड्यांची तोंडं सुकायला टेबलावर ठेवली आणि वरची बाजू कळावी म्हणून आपल्या शिवणकामाच्या खडूने बाणही काढले. कापडावर खुणा करायची सवय, इथे उपयोगी पडली म्हणून मी खुशीत होतो. तेवढ्यात तुझ्या वहिनीने टेबल पुसायला घेतलं आणि ओल्या फडक्याने कांड्याही पुसून लख्ख केल्या. आता वर कुठलं नि खाली कुठलं? मला तर दोन्हीकडून सारखंच दिसत होतं. एक कांडी अंदाजपंचे लावून टाकली, दुसरी तशीच बाजूला राहिली. तुला विचारायला कमीपणा वाटला, खरं सांगतो.

मग व्हिडिओवर तुला सगळं दाखवलं, आठवतंय? तू फोन कांडीजवळ न्यायला लावलास, सगळ्या बाजूंनी फिरवायला लावलास आणि म्हणालास, छान लावलंयस दादा. मी हवेत! पुढे शेंड्याने मुळं धरली, बुंध्याला एकाच्या जागी दोन कोंब आले आणि हळूहळू त्या कांडीलाही बाजूने हिरवं टोक फुटलं. येईल त्याला मी ऐकवायला लागलो. एकाच्या पँटची उंची घेता घेता त्याला युकाची सगळी विद्या शिकवली, तो बिचारा अजून पँट न्यायला आलेला नाही. माझी ही फुशारकी ऐकून ऐकून शेवटी वहिनीला हसू आवरेना. आणि तिने सांगून टाकलं की त्याच दिवशी तू तिला गुपचूप फोन केला होतास. कांडी उलट लागलीय, दादा बाहेर गेला की हळूच सुलट करून ठेव, त्याला कळू देऊ नकोस, त्याला वाईट वाटेल. आणि तिने ती सुलट केलीही होती.

अरे, तू? मी शिवलेल्या पहिल्या शर्टाला घरभर उशीचा अभ्रा म्हणत नाचलेला तू? एरवी अशी चूक तुझ्या हाती लागली असती तर वर्षभर मला पळता भुई थोडी केली असतीस. वहिनी हसत होती, पण मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. माझ्या लिव्हरचा तुकडा तुझ्या पोटात गेला त्या दिवसापासून तू माझ्याशी एकदाही भांडलेला नाहीस. घरी आलास तरी पाहुण्यासारखा कडेला बसतोस. मी काय त्यासाठी दिला होता? आणि माझं काही कमी झालेलं नाही, बरं का. परवाच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं, लिव्हर पहिल्यासारखं भरून आलंय. तुझ्या वहिनीने लगेच विचारलं, डोकंही असंच वाढतं का.

आता जे कुणालाच बोललो नाही ते लिहितो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू मला हॉस्पिटलच्या जिन्यापाशी गाठलंस. डोळे पिवळेजर्द, धड उभं राहवत नव्हतं, कठडा धरून होतास. म्हणालास, दादा, भीती वाटत असेल तर आत्ताच सांग, मी घरी सांगेन की आपलं जुळलं नाही, कुणाला कधी कळणार नाही. वटवट्या, मी खरंच घाबरलो होतो रे. पळून जावं असं मनात घोळत होतं. तुझा जीव जात होता आणि तू माझी अब्रू वाचवायला निघाला होतास. तुझ्या त्या बोलण्यामुळेच मी दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर चढू शकलो. तेव्हाही मला सांभाळलंस, कांडीच्या वेळीही सांभाळलंस. तुझे आभार मानायचे राहिले होते, ते मानायलाच हे पत्र. पण आता हे सांभाळणं पुरे कर. शेंडा तुझ्यासाठी वेगळ्या कुंडीत लावलाय, तो न्यायला ये. आणि ती उरलेली दुसरी कांडी आज मी मुद्दाम, गळलेल्या पानांच्या खुणा चांगल्या बघून, उलट लावलीय. दुकानाच्या दारातच ठेवलीय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. तुझ्या वहिनीला तिला हात लावायची बंदी आहे. तू स्वतः येऊन चारचौघांत मला शिव्या घालेपर्यंत ती तशीच राहणार.

तुझाच, वाट बघणारा,
दादा